इन्सुलिन चालू असताना रात्रीची गाडी चालवावी का? वरूडच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. "हो" किंवा "नाही" म्हणून मोकळं होण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताईंचे बाबा ५६ वर्षांचे. स्वतःची पिकअप आहे. रात्री वरूडला संत्रा भरायचा आणि जलालखेडा-काटोल मार्गे नागपूरच्या कळमना मार्केटला सकाळच्या लिलावाआधी पोचवायचा, हे त्यांचं जुनं काम. शुगर बारा वर्षांपासून आहे. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज अशी तीन औषधांची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती, त्यात दोन महिन्यांपूर्वी मिक्स इन्सुलिनची भर पडली, तीही दोन वेळा. मागच्या आठवड्यात पहाटे साडेतीनच्या सुमारास जलालखेड्याच्या पुढे एका वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ कपाशीत उतरली. कोणाला लागलं नाही. किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, सांगतो की त्याआधी ते काहीबाही बोलत होते, गाडी उगाच हळू करत होते आणि शर्ट घामाने ओला झाला होता. जमलेले लोक म्हणाले, टाकून आलाय. कोणीतरी साखरेचा चहा आणून पाजला, किन्नरने संत्रं सोलून भरवलं, तरी बराच वेळ ताळ्यावर आले नाहीत. नंतर गाडीतल्या मीटरवर शुगर १४२ आली. बाबा म्हणतात, "झपकी लागली होती." आई म्हणते, गाडी विका. फायनान्सचे हप्ते बाकी आहेत. आणि ताई विचारतात, शुगर असलेल्या माणसाने गाडी चालवावी की नाही?

असा सरसकट प्रश्न विचारला तर उत्तर सोपं आहे: बहुतेकांनी चालवायला हरकत नाही. मी तुमच्या शेजारच्याच तालुक्यात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणाऱ्या शुगरवाल्यांत ऑटोवाले आहेत, ट्रॅक्टरवाले आहेत, शाळेची व्हॅन चालवणारे आहेत. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर त्या गोळीने धोकादायक खाली जात नाही, त्यामुळे शुगर उतरण्याच्या भीतीने त्याची गाडी बंद करायला काही आधार नाही. तुमच्या बाबांपुरता प्रश्न वेगळा आहे. त्या रात्री शुगर उतरली होती का, उतरली तर कशामुळे, आणि पुन्हा उतरायला लागली तर त्यांना ती आधी कळेल का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत त्यांनी स्टेअरिंगला हात लावू नये. दुचाकीसुद्धा नको.

आता झपकी की शुगर, ते बघू. झोप लागलेला माणूस घामाने भिजत नाही, आणि झोपेआधी बराच वेळ बरळत नाही. गाडी शेतात उतरल्याच्या धक्क्याने तो खडबडून जागा होतो आणि लगेच शुद्धीतलं बोलतो. तुमच्या बाबांना ताळ्यावर यायला वेळ लागला. मेंदूला साखर कमी पडली की माणूस आधी चिडचिडा किंवा गप्प होतो, मग हिशेब चुकायला लागतो, बोलणं अडखळतं, समोरचं वळण दिसतं पण हात काही करत नाहीत. बघणाऱ्याला तो प्यालेला वाटतो. नंतर त्या माणसाला यातलं फारसं आठवत नाही, म्हणून तो आपल्या मनाशी पटेल असं कारण शोधतो. आपल्याकडे ते कारण बहुतेक वेळा झपकी असतं. बाबा खोटं बोलताहेत असं समजू नका.

तरी माझा अंदाज म्हणजे निदान नव्हे. बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाला छातीत न दुखता हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि त्यातही असाच दरदरून घाम सुटतो. लहानसा पॅरालिसिसचा झटका, फिट, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, हेही शक्य आहे. म्हणून आजवर काढला नसेल तर उद्याच्या उद्या ईसीजी काढा. सोबत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करा. किडनी मंदावली असेल तर इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही अंगात जास्त वेळ रेंगाळतात.

तुम्ही म्हणता, मीटरवर १४२ होती, मग शुगर कमी कशी? हा आकडा मी बाजूला ठेवतो. एक तर तो चहा आणि संत्रं पोटात गेल्यानंतरचा आहे. दुसरं म्हणजे बोटं. रात्रभर संत्र्याची कॅरेट उचललेली, वर किन्नरने संत्रं सोललेलं आणि त्याच हाताने बाबांचं बोट धरून टोचलेलं. फळाचा रस बोटाला लागलेला असला की त्या रसातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मीटर भलताच चढा आकडा दाखवतं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही, वाहत्या पाण्याने हात धुवावे लागतात. संत्रापट्ट्यात हे मी पेशंटना सारखं सांगतो, कारण इथे खरी शुगर ६० असलेला माणूस मीटरवर १६० बघून निर्धास्त पुढे जाऊ शकतो. तिसरं, ते मीटर आणि स्ट्रिपची डबी कुठे ठेवली होती? डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, तर दिवसा उन्हात उभ्या गाडीत त्या स्ट्रिपांचं काय झालं असेल ते सांगता येत नाही. झाकण उघडं राहिलेली किंवा तापलेली डबी फेकून द्या.

आता शुगर उतरली तर कशामुळे, याकडे येऊ. औषधं बाबांच्या अंगात कोणत्या वेळी काय करतात ते घड्याळासोबत बघितलं की चित्र स्पष्ट होतं.

मिक्स इन्सुलिनमध्ये दोन भाग असतात. एक लवकर काम करणारा, समोरच्या जेवणासाठी. दुसरा गढूळ भाग हळू सुटणारा, आणि त्याचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान असतो. बाबांनी आठ वाजता इन्सुलिन घेतलं असेल, तर त्या दुसऱ्या भागाचा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. ग्लिमेपिराइडचं काम त्याच्या जोडीला चालूच. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि माणूस जेवला आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यात भर लोडिंगची. तुम्ही लिहिलंय की हमाल कमी पडले तर बाबा स्वतः कॅरेट चढवतात. दोन-तीन तास असं वजन उचललं की स्नायू रक्तातली साखर ओढतात, आणि काम थांबल्यावरही कित्येक तास ओढत राहतात. जेवण कसं झालं होतं? "घाईत अर्धी भाकर खाल्ली, म्हणाले कळमन्याला माल उतरला की पोहे खातो," असं तुम्हीच लिहिलंय. मग पहाटे साडेतीनला इन्सुलिन जोरात, गोळी चालू, स्नायू भुकेले आणि पोट रिकामं, असे चारही एकाच वेळी जुळून आले. शुगर उतरली नसती तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

यात तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. बाबांची शुगर गोळ्यांनी आटोक्यात येत नव्हती, इन्सुलिन सुरू करणं भाग होतं. पण केसपेपरवर व्यवसाय काय लिहिलाय ते एकदा बघा. आपल्याकडे निम्मे लोक विचारल्यावर "शेती" म्हणून सांगतात, मग ते दिवसभर काहीही करत असोत. आठ वाजता जेवून दहाला झोपणाऱ्या शेतकऱ्याला हे औषध कदाचित चाललं असतं. रात्री दोनला काटोल रोडला लागणाऱ्या ड्रायव्हरला ते चालणार नाही. डॉक्टरांसमोर बसून पहिलं वाक्य हेच बोला की, "बाबा रात्री मालाची गाडी चालवतात, आणि गाडी चालवताना असं झालं." अनेक घरी हे लपवतात, डॉक्टर लायसनवर काही लिहून देतील म्हणून. त्याने औषध चुकीच्याच माणसासाठी लिहिलं जातं.

डॉक्टर काय बदलतील ते मी इथून सांगणार नाही, आणि तुम्हीही मनाने काही बंद करू नका. इन्सुलिन एकदम सोडलं तर दुसरंच संकट यायचं. पण काय विचारायचं ते सांगतो. इन्सुलिनसोबत ग्लिमेपिराइडची गरज उरली आहे का? मिक्सऐवजी दिवसातून एकदा घ्यायचं, सपाट चालणारं, ग्लार्जिनसारखं इन्सुलिन यांना जमेल का? ज्या गोळ्यांनी शुगर सहसा फार खाली जात नाही, म्हणजे सिटाग्लिप्टिनसारख्या किंवा डापाग्लिफ्लोझिनसारख्या, त्यातली एखादी बसेल का? या गोळ्या पूर्वी महाग होत्या. पेटंट संपल्यापासून जेनेरिक आल्या, जनऔषधी केंद्रातही विचारा. डापाग्लिफ्लोझिनला लघवी जास्त होते आणि पाणी कमी पडलं तर त्रास होतो, तेव्हा मे महिन्यात आपल्या भागात बिनाएसीच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला ती देताना मी हात आखडता घेतो. ज्याचा त्याचा हिशेब वेगळा.

आणि आकड्याचाही आग्रह थोडा सैल करावा लागतो. घरातल्यांना तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) साडेसहाच्या आत आली की आनंद होतो. ज्या ड्रायव्हरची शुगर एकदा अशी उतरली, त्याची सात-साडेसातच्या आसपास राहिलेली मला चालते. थोडी चढी शुगर वर्षानुवर्षांत नुकसान करते, उतरलेली शुगर एका वळणावर करते.

इन्सुलिन टोचण्यातल्याही दोन-तीन गोष्टी एकदा घरी तपासा. ४० ची बाटली (एका मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी टोपीची. मेडिकलवाल्याने घाईत दुसरी दिली आणि १०० चं इन्सुलिन लाल टोपीत भरलं, तर डोस अडीच पट जातो. गढूळ इन्सुलिनची बाटली तळहातांत हळूच घोळवून घ्यायची, नाहीतर एक दिवस नुसतं वरचं पाणी टोचलं जातं आणि दुसऱ्या दिवशी खालचा गाळ. पोटावर एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथून औषध कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. बाबांचा शर्ट वर करून हात फिरवून बघा. रबरासारखी गाठ लागली तर जागा बदला, आणि डोसबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण नव्या जागेतून तोच डोस जास्त काम करतो.

आता तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बाबांना काही जाणवलं का? शुगर ७० च्या खाली जाऊ लागली की शरीर आधी आरडाओरडा करतं: हात थरथरतात, छातीत धडधड, भूक, घाम. मेंदू गडबडण्याआधी ही सूचना मिळते, आणि त्या वेळात ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊ शकतो. पण शुगर बरीच वर्षं असली, किंवा ती वारंवार उतरत असली, की ही सूचना क्षीण होत जाते. मग पहिलं लक्षणच डोकं न चालणं हे असतं. ज्याला कळतच नाही त्याने गाडी चालवू नये, यात मी तडजोड करत नाही. "मले काई होतच नाई सायेब, ४५ वरही मी चालतो-फिरतो" असं कोणी मिशीला पीळ देत सांगितलं की मला घाम फुटतो.

बीपीची गोळी कोणती आहे तेही बघा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या जातीच्या गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम मात्र येतो. त्या हृदयासाठी दिल्या असतील तर बंद करायच्या नाहीत. फक्त बाबांना सांगायचं की धडधडीची वाट बघू नका, एसी नसताना आणि थंडीत घाम आला तर तीच सूचना समजा. चांगली बातमी अशी की काही आठवडे शुगर एकदाही फार खाली जाऊ दिली नाही, तर हरवलेली जाणीव बऱ्याच जणांत काही प्रमाणात परत येते. मी म्हणूनच माझ्या ड्रायव्हर पेशंटांना, मदत लागण्याइतकी शुगर उतरली की तीन महिने तरी मालाची गाडी बंद ठेवायला सांगतो. हा माझा नियम आहे, कायद्याचा नव्हे. ब्रिटनमध्ये ट्रक-बसवाल्याला याच कारणाने वर्षभर लायसनवर पाणी सोडावं लागतं. आपल्याकडे शुगरसाठी असा वेगळा नियम नाही. पण मालवाहतुकीच्या लायसनसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागतंच, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ नुसार इतरांना धोका होईल असा आजार माहीत असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दंड किरकोळ आहे, पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंत. मात्र अपघातात कोणी दगावलं तर प्रकरण हजार रुपयांवर राहत नाही.

आता समजा औषध बदललं, तीन महिने गेले, जाणीव परत आली आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. मग गाडीत कसं वागायचं?

चावी फिरवण्याआधी हात धुऊन शुगर बघायची. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी ९० च्या वर हवी असा साधारण निकष आहे. खेड्यातला रात्रीचा रस्ता, मध्ये धाबा बंद, म्हणून मी १०० धरतो. ७० ते १०० च्या मध्ये असेल तर काहीतरी खाऊन, थोडं थांबून, पुन्हा बघून निघायचं. ७० च्या खाली असेल तर त्या वेळी निघायचंच नाही. पुढे दर दोन तासांनी बघायचं. वरूड ते कळमना म्हणजे वाटेत एकदा, काटोलला. एका स्ट्रिपचे वीसेक रुपये होतात, ते भाड्यात धरा, डिझेल धरता तसे.

चालवताना शंका जरी आली तरी गाडी रस्त्याच्या खाली सुरक्षित जागी घ्यायची, इंजिन बंद, चावी काढून किन्नरच्या हातात, आणि स्वतः शेजारच्या सीटवर. चावी द्यायचं कारण असं की शुगर उतरलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणून पुन्हा गाडी सुरू करतो. मग ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटांनी शुगर बघायची, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा ग्लुकोज. वर आली की बिस्किटं, भाकर, जे असेल ते खायचं. आणि आकडा ठीक झाल्यावरही पाऊण तास थांबायचं. रक्तातली साखर आधी वर येते, मेंदूचा वेग नंतर परत येतो. लिलाव हुकेल म्हणून नेमका हाच पाऊण तास कोणी पाळत नाही.

मी ग्लुकोज म्हणालो, साखर म्हणालो नाही, याला तुमच्या बाबांच्या बाबतीत खास कारण आहे. त्यांच्या गोळीतलं तिसरं औषध, वोग्लिबोज, आतड्यात साखरेचे तुकडे होण्याची क्रिया मंदावतं. जेवणानंतर शुगर एकदम चढू नये म्हणून ते देतात, आणि त्यासाठी ते ठीकच आहे. पण शुगर उतरलेली असताना चहातली साखर, गूळ, पेढा, चॉकलेट घेतलं तर तेही फुटायला वेळ लागतो. चहा पाजूनही बाबा लवकर ताळ्यावर आले नाहीत, त्यामागे हे असावं. ग्लुकोजला फोडावं लागत नाही, ते थेट रक्तात जातं. मेडिकलमध्ये साधी ग्लुकोज पावडर मिळते. डब्यावर वाचून घ्या, चवीच्या पावडरीत साखर मिसळलेली असू शकते. तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, अशा पुड्या बांधून ठेवा. दोन-तीन पुड्या बाबांच्या खिशात, दोन केबिनमध्ये, सोबत पाण्याची बाटली. वोग्लिबोजच्या गोळ्या आपल्या भागात खूप चालतात आणि ही गोष्ट घेणाऱ्यांना फारशी कोणी सांगत नाही, म्हणून एवढं लिहिलं. त्याच जातीच्या अकार्बोजलाही हेच लागू आहे.

किन्नरला शिकवणं बाबांना शिकवण्याइतकंच गरजेचं आहे. तुमच्या किन्नरने त्या रात्री बराच वेळ सगळं बघितलं, पण मालकाला "गाडी थांबवा" म्हणायची त्याची हिंमत झाली नसेल. बाबांनी स्वतः त्याला सांगून ठेवावं: मी बरळायला लागलो, उत्तर देईनासा झालो, थंडीत घामाघूम झालो, तर मी कितीही ओरडलो तरी गाडी थांबवायला लावायची. पुडी कुठे आहे ते त्याला माहीत हवं. माणूस गिळू शकत असेल तरच तोंडात काही द्यायचं. बेशुद्ध असेल तर काहीही घालायचं नाही, ते श्वासात जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे उतरलेली शुगर ग्लुकोज घेऊन वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून शुद्धीवर आल्यावरही दवाखान्यात न्यायचंच. बाबांच्या शर्टाच्या खिशात मराठीत एक कार्ड ठेवा: "मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो, मी प्यालेला वाटलो तर आधी शुगर तपासा." पोलीस आणि गावकरी दोघांच्याही उपयोगाचं आहे.

आणि बाबा खरंच दारू घेत असतील, तर तेही स्पष्ट बोलावं लागेल. दारू यकृताला साखर सोडू देत नाही. रात्री घेतलेल्याचा परिणाम कित्येक तासांनी, पहाटे दिसतो, म्हणजे "आता उतरली" असं वाटतं तेव्हा. इन्सुलिन घेणाऱ्या ड्रायव्हरने फेरीच्या आदल्या संध्याकाळीही घेऊ नये. उपासाचंही तेच. नवरात्रात, चतुर्थीला बाबा कडक उपास धरत असतील तर त्या दिवशी गाडी नको, आणि त्या दिवसाचा डोस आधी डॉक्टरांना विचारून.

इन्सुलिन गाडीत ठेवायची वेळ आली तर डॅशबोर्डवर किंवा इंजिनच्या बाजूला कधीच नको. चालू बाटली तिसाच्या आतल्या तापमानात साधारण महिनाभर टिकते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो आणि बंद केबिन त्याहून तापते. घरी फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर लहान माठात ओली वाळू घालून बाटली प्लास्टिकच्या डबीत ठेवा, चांगलं चालतं. गाडीत पाण्याच्या कॅनला चिकटून ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी. बर्फाला थेट लावायची नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

पाय आणि डोळे राहिले. पाय तपासताना मी पेशंटला डोळे मिटायला सांगतो आणि पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून वर किंवा खाली करतो. कुठे वळवला ते सांगता आलं नाही, तर क्लच आणि ब्रेकवर पाय नेमका कुठे आहे ते त्याला रात्री कसं कळणार? असे लोक चालवताना चप्पल गळून पडली तरी त्यांना समजत नाही, आणि ती चप्पल ब्रेकखाली अडकते. ही तपासणी तुम्ही घरीच आज करू शकता. अंगठा कुठे वळवला ते सांगताना बाबा चुकत असतील तर डॉक्टरांना दाखवा. आणि बाबांनी चपलेवर गाडी चालवणं तसंही बंद करावं, पट्ट्याची सँडल किंवा बूट हवेत.

डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासायचा. थेंब टाकलेल्या दिवशी स्वतः गाडी चालवत परत यायचं नाही. पडद्यावर लेझर झालेलं असेल तर अंधारातलं आणि कडेचं दिसणं कमी होऊ शकतं, मोतीबिंदू असेल तर समोरच्या लाइटने डोळे दिपतात. इन्सुलिन नव्याने सुरू झाल्यावर काही आठवडे नंबर बदलत राहतो, तेव्हा लगेच नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील.

राहता राहिली आईची गाडी विकायची गोष्ट. आईंची भीती रास्त आहे. पण बाबांचं गाडी चालवणं थांबलं तरी गाडी धंद्यात राहू शकते. पुढचे तीन महिने रात्रीची फेरी बदली ड्रायव्हरकडे द्या. बाबा लोडिंग बघतील, अडत्याशी बोलतील, पट्टी तपासतील, भाडी आणतील. नंतर सगळं जुळून आलं तरी मी त्यांना रात्रीचा कळमना सांगणार नाही. दिवसाची, जवळची, जेवणाच्या वेळा सांभाळता येतील अशी भाडी ठीक. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर फेरीच्या रात्रीचं वेळापत्रक लिहून न्या: इन्सुलिन किती वाजता, काय खाल्लं, लोडिंग किती ते किती, निघाले कधी, पोचले कधी, परत येऊन झोपले कधी. सोबत आठ दिवसांच्या शुगर, त्यात एखादी रात्री तीनची, हात धुऊन काढलेली.

ऐन आंबिया बहारात, म्हणजे संत्र्याच्या हंगामात, बदली ड्रायव्हर मिळणं कठीण, आणि मिळाला तर तो दुप्पट मागेल, हे मलाही माहीत आहे. नाहीच मिळाला तर शेतकऱ्यांचा माल गावातल्याच दुसऱ्या गाडीवाल्याला जोडून द्या, म्हणजे गिऱ्हाईक तुटणार नाही. फायनान्सवाल्यांना हप्ता थकायच्या आधीच जाऊन भेटा, अपघाताचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आधी गेलेल्याशी ते जरा बरे बोलतात.